भूपेंद्रच्या नावाची आंघोळ

“समदा म्हणतस ना भूपेंद्र मरी गया? मंग गया मरी. तू घर जाय. मी येवाव नही.”

असं म्हणून माझा मोठा भाऊ गोवालबाबांच्या खाटेवर आडवा झाला आणि गोधडी डोक्यावरून ओढून घेतली. मेलेला माणूस इतकी नाटकं करत नाही. मी गोधडीचं एक टोक धरलं, त्याने दुसरं. खाट करकरली. खाटेखालून कोंबडी पळाली. मला राग पण येत होता आणि हसू पण, आणि दोन्ही एकदम आलं की माझा आवाज लहान पोरासारखा बारीक होतो, मग त्याचा वेगळा राग येतो.

“मायनी सकायपासून पानीले हात लायेल नही,” मी म्हटलं.

त्याने गोधडी अजून घट्ट धरली.

“आबांनी आंघोळ करी. तुन्हा नावनी.”

गोधडी ढिली पडली.

आमच्याकडे लांब कुठे आपलं माणूस गेल्याची खबर आली की घरातला जो तो डोक्यावर गार पाणी घेतो. ती आंघोळ झाली की माणूस गेला, विषय संपला. आणि आबांनी ही आंघोळ दिवाळीतच बोलून ठेवली होती. भूपेंद्रने तेव्हा पहिल्यांदा रुपाचं नाव काढलं. रुपा म्हणजे वर डोंगरातल्या सरकारी दवाखान्यातली नर्स, पावरा आदिवासी घरातली. आबा ताटावरून उठून म्हणाले होते, “त्या घरमा लगन करशी ते तुन्हा नावनी आंघोळ करसू.” मग त्यांनी शहाद्याकडच्या रूपचंद आबांना शब्द दिला, त्यांच्या यामिनीशी साखरपुडा या रविवारी ठरवून टाकला, आणि भूपेंद्र गप्प बसला. आमच्या बापाचा, भाईदास आबांचा, शब्द म्हणजे विहिरीत पडलेली बादली. काढायला कोणी उतरत नाही.

आता हे सगळं कसं झालं ते सांगतो, मध्ये बोलू नका.

भूपेंद्र सोलर बसवणाऱ्या कंपनीत आहे. रुपाच्या दवाखान्यावर सोलर बसवायला गेला आणि एका दिवसाचं काम त्याने आठवडाभर केलं, तिथून हे सुरू. कंपनीने त्याला आणि नंदुरबारच्या दिनेशला ट्रेनिंगसाठी दिल्लीला बोलावलं होतं, सुरतेहून विमानाने. परवा दुपारी मी भूपेंद्रला गाडीवर नंदुरबार स्टेशनला सोडायला निघालो. कळसाडी गावची कपाशीची वावरं संपली तसा तो मागून म्हणाला, “तळोद्याकडे वळव.” मी वळवली. मला असल्या गोष्टी आवडतात. रविवारच्या आधी एकदा रुपाच्या बापासमोर, गोवालबाबांसमोर, बसून बोलायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. कंपनीत आजारी आहे सांगायचं, घरी दिल्लीला गेलो सांगायचं. दिनेशला सगळं माहीत होतं, तो सांभाळून घेणार होता. तळोद्याला वरच्या गावांच्या जीपमध्ये चढताना भूपेंद्रने मला मायची शप्पथ घातली, कोणाला बोलायचं नाही म्हणून. वर रेंज नसते, त्यामुळे फोन बंद.

काल सकाळी मायने त्याला फोन लावला. बंद. मग दिनेशला लावला. स्पीकरवर होता, मी तिथेच चहा पित होतो.

“हां मावशी, विमानात बसलो. माझ्या बाजूलाच आहे ना. झोपलाय. उठवू का?”

माय म्हणाली, “नको रे भाऊ, झोपू दे.”

मी कपात हसलो. काय पोरगा आहे, म्हटलं. एकदम सहज.

ते विमान उतरायच्या आधी पडलं. धुकं होतं म्हणे. टीव्हीवर सांगत होते, कोणी वाचलं नाही.

टीव्हीसमोर काय झालं ते मला धड आठवत नाही. सगळे रडत होते आणि मी हसलो, एवढं आठवतं. दिनेश गेला, हे तेव्हा डोक्यात शिरलंच नव्हतं. डोक्यात एकच, माझा भाऊ त्याच्यात नाही, माझा भाऊ त्याच्यात नाही, डीजेवर गाणं एकाच ओळीला अडकावं तसं. मी म्हटलं, “भाऊ जित्ता शे.” आबांनी माझ्याकडे बघितलं. मी परत म्हटलं, “जित्ता शे, कसाले रडतस?” आणि परत हसू आलं. तेव्हा कानाखाली बसली.

मग मी शप्पथ मोडली. सांगितलं की तो सुरतेला गेलाच नाही, तळोद्याहून वर गेला. रुपाचं नाव तेवढं गिळलं. कोणी ऐकलं नाही. आबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “दहावी नापास व्हता तरी पास झाया म्हनीसन पेढा बी यानीच वाटा व्हतात.” आणि तुळशी फुई, आबांची थोरली बहीण, गावात कोणाकडेही रडणं असलं तर पहिला आवाज तिचाच, ती मध्येच रडायची थांबली आणि म्हणाली, “दिनेशनी सोता सांगं, बाजूले झोपेल शे. मरणारा माणूस खोटं काबर बोली?”

तो खोटं बोलला होता. माझ्या भावासाठी बोलला होता. आणि आता त्याचं खोटं दगडासारखं पक्कं झालं होतं, माझं खरं कोणी घेईना. आबा अंगावरच्या कपड्यांनिशी मोटारीच्या पाइपाखाली जाऊन बसले. मी गाडीची चावी उचलली.

असा मी वर गोवालबाबांकडे पोचलो. आणि हा गोधडीत.

“दिनेशनी माय काय म्हणी?” भूपेंद्र गोधडीतून बोलला. “मी आठे खाटवर बसेल व्हतो. कोंबडी खाई ऱ्हायनो व्हतो. आणि तो तठे...”

“मंग आते तू बी मरशी का? तुन्ही मायले कोण सांगी?”

“आबांना तेच पाहिजे व्हतं.”

मी खाटेला लाथ घातली. पायाच्या अंगठ्याला लागलं, खाटेला काही झालं नाही.

गोवालबाबा इतका वेळ दारात उभे राहून दात कोरत होते. बारीक माणूस, अंगात रुपाने आणलेला सरकारी स्वेटर. भूपेंद्र आदल्या दिवसापासून त्यांच्याशी लग्नाचं बोलत होता आणि ते तेव्हापासून नुसते हूं म्हणत होते, असं मला नंतर समजलं. आता ते आत आले आणि गोधडी एका झटक्यात ओढून घडी करायला लागले.

“मेलेल्या माणसाला मी पोरगी देत नाही,” ते म्हणाले. “आधी घरी जा. जिवंत हो. मग तुझ्या बापाला घेऊन ये, मग बोलू.”

“बाबा, ते येणार नाहीत,” भूपेंद्र म्हणाला.

“मग मेलेलाच रहा. पण माझ्या खाटेवर नाही.”

दवाखान्यातून रुपा आली होती. तिने सगळं ऐकलं असावं, कारण तिने काही विचारलं नाही. भूपेंद्रच्या हातात त्याचे बूट दिले. “चल. मी पण येते,” म्हणाली. “तुझी आई उपाशी आहे, बीपी कमी झालं असेल. तुम्ही दोघं भाऊ नुसते भांडाल.” आणि गोवालबाबांना पावरीत काहीतरी म्हणाली, त्याच्यावर ते हसले. सकाळपासून पहिल्यांदा दुसरं कोणीतरी हसलं, मला इतकं बरं वाटलं की मी पण हसलो, काय बोलले ते न समजताच.

तिघं एका गाडीवर. मी पुढे, भूपेंद्र मध्ये, रुपा मागे औषधाची पिशवी घेऊन. घाटात उतरताना वळणावर रेंज येते, ते सगळ्यांना माहीत आहे. तिथे दगडावर कायम दोन-चार जण फोन कानाला लावून उभे असतात. भूपेंद्रने फोन चालू केला आणि तो त्याच्या खिशात असा थरथरायला लागला की मला पाठीला गुदगुल्या झाल्या. गाडी थांबवली.

गावाच्या ग्रुपवर भूपेंद्रचा फोटो फिरत होता. हार घातलेला, खाली दोन दिवे, भावपूर्ण श्रद्धांजली. फोटो कोणाच्या तरी लग्नातला कापलेला. त्याच्या खांद्यावर एक हात तसाच राहिला होता. नुसता हात, माणूस नाही.

“हाऊ फोटो कोणी टाका?” भूपेंद्र म्हणाला. “याच्यामा मन्हा डोया मिटेल शेत.”

रुपाने मान वाकवून बघितलं. “हात कोणाचा आहे?”

“मला काय माहीत.”

“तुझ्या मागे गेला तो पण,” रुपा म्हणाली, आणि मग आम्हाला जे हसू सुटलं ते थांबेना. भूपेंद्र दगडावर बसून पोट धरून हसत होता. ज्याने आयुष्यात त्याच्याशी धड बोलणं केलं नाही त्याने लिहिलं होतं, माझा जिवलग. ज्याच्याशी बांधावरून भांडण, त्याने लिहिलं होतं, देवमाणूस. तो एकेक मोठ्याने वाचायचा, आम्ही हसायचो. फोनवर बोलणारे लोक आमच्याकडे बघून लांब सरकले.

मग तो वाचायचा थांबला.

मी त्याच्या खांद्यावरून बघितलं. दिनेशचा मेसेज होता, विमान उडायच्या आधीचा. “मावशीला सांगितलं तू झोपलायस. आता मला झोपू दे. वहिनीच्या बापाने मारलं तर फोटो पाठव.”

घाटात वारा होता. रुपाने त्याच्या हातातून फोन घेतला नाही, फक्त त्याच्या बाजूला दगडावर बसली. मला काय करावं समजेना म्हणून मी गाडीला किक मारली. एकदा, दोनदा. ती चालूच होती.

तळोद्याला पेट्रोल भरलं. भूपेंद्रच्या दातावर दात आपटत होते, म्हणून चहाला थांबलो. त्याने माकडटोपी नाकापर्यंत ओढली होती. चहावाला त्याच्याच वर्गातला. मला बघितल्यावर त्याने गाळणी खाली ठेवली आणि माझे दोन्ही हात धरले.

“भलतं वाईट व्हयनं रे भाग्या. सोनासारखा माणूस व्हता भूपेंद्र.”

मी मान खाली घातली. दुसरं काय करणार. खांदे हलत होते, त्याला वाटलं रडतोय.

“जराखा कंजूस व्हता,” तो म्हणाला, “पन सोनासारखा.”

“कंजूस कसाना?” मागून भूपेंद्र.

चहावाल्याने हळूहळू वर बघितलं. भूपेंद्रने टोपी वर केली. चहावाला तसाच मागे सरकत गेला, पाठीने बिस्किटांच्या बरण्यांवर टेकला.

“भूत चहा पेस का?” भूपेंद्र म्हणाला. “तीन कर. पैसे बी देस, दख.”

आम्ही परत हसलो, पण हे हसणं घाटातल्यासारखं नव्हतं. चहा पिता पिता भूपेंद्र म्हणाला, “हे दिनेशला सांगायला पाहिजे होतं.” चहावाल्याने पैसे घेतले नाहीत.

आता घर. ऊन अजून होतं. दारासमोर बायका बसलेल्या, पुरुष निंबाखाली. रूपचंद आबा पण आले होते. होणारा जावई म्हणून त्यांनी पण आंघोळ केली होती, कानात कापूस. आबा एका कोपऱ्यात. मला लांबूनच दिसलं, त्यांच्या एका पायात त्यांची चप्पल आणि दुसऱ्या पायात मायची. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या पण नाही.

मी गाडी बंद केली आणि भूपेंद्र उतरला.

पहिल्यांदा फुईने बघितलं. तिचा आवाज रडून रडून बसला होता. ती काठी टेकत आली, त्याच्यापासून दोन हातांवर थांबली.

“पाय दखाड,” म्हणाली.

भूपेंद्रने बूट काढले, मोजे काढले. फुईने वाकून पंजे बघितले, पुढे होते. मग तिने काठीने अंगठा दाबला. तो ओय म्हणाला. तिने तोंडाला पदर लावला आणि मागे वळून मायला बसलेल्या आवाजात एवढंच म्हणाली, “सिंधु, तुन्हा पोऱ्या उना.”

माय उठली नाही. तिला उठताच आलं नाही, ती बसल्या बसल्या पुढे सरकायला लागली. आणि आबा तिकडून उठून सरळ चालत आले, एका पायात मायची चप्पल, हात वर उचललेला. मारणार होते का जवळ घेणार होते ते मला अजून माहीत नाही, आणि बहुतेक त्यांना पण नाही. फुईने काठी आडवी धरली.

“हात लावू नको,” ती म्हणाली. “ज्यान्ही आंघोळ हुई गयी त्याले घरवाला हात नही लावतस. उंबऱ्यातून बी लेवानं नही. तसाच लिधा ते मरण घरमा येस.”

“फुई, तो जित्ता शे,” मी म्हटलं.

“ते मले दखास. पन तो तवय गया. आते याले परत जन्माले घालनं पडी.”

मला वाटलं तिचं डोकं फिरलं. पण सगळ्या म्हाताऱ्या माना हलवायला लागल्या. निंबाखालच्या एकाने सांगितलं, त्यांच्या आजोबांच्या वेळी असं झालं होतं. नदीच्या पुरात गेला म्हणून आंघोळ केलेला माणूस चार दिवसांनी परत आला, त्याला गोठ्यात जन्माला घातला होता. आबांचा हात अजून हवेतच होता. ते काठीच्या अलीकडे उभे, भूपेंद्र पलीकडे, मध्ये हातभर जागा. आमचे आबा कोणाला विचारून काही करत नाहीत. पण ते म्हणाले, “मंग लवकर घाल ना बाई.”

जन्म गोठ्यात झाला. पुरुषांना पाठ करून उभं केलं. मी पाठ केली नाही, मला बघायचं होतं. मायला गव्हाणीला टेकून बसवलं, अंगावर तिची लग्नाची साडी पसरली, आणि भूपेंद्रला सांगितलं, त्याच्या खालून रांगत बाहेर ये. सहा फुटाचा माणूस. साडीखाली तो शिरला तर पाय बाहेरच राहिले. म्हैस वळून बघत होती. “डोकं पहिले,” फुई ओरडत होती, म्हणजे ओरडायला बघत होती, आवाज निघत नव्हता. “उलटा नको येऊ, मायले तरास व्हस.” रुपा गोठ्याच्या दाराशी उभी होती, तिने तोंडात ओढणी कोंबली होती, डोळ्यांतून पाणी येत होतं हसून. तिने म्हणे आतापर्यंत कितीतरी बाळंतपणं केली होती, असं एक पण नाही.

भूपेंद्र बाहेर आला, केसात कडबा.

“रड,” फुई म्हणाली.

“काय?”

“पोर जन्मस ते रडस. रडा बिगर जन्म नही.”

भूपेंद्रने टॅहँ केलं. सगळे पुरुष पाठमोरे हसायला लागले, रूपचंद आबांचे खांदे पण हलत होते. “खोटं नही चालाव,” फुई म्हणाली. त्याने परत केलं. अजून हसले. त्याला स्वतःलाच हसू आवरेना, तो मायच्या पायाशी बसून हसत होता. माय त्याच्या तोंडाकडे बघत होती. खबर आल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. तिने त्याच्या केसातला कडबा काढला आणि विचारलं, “दिनेश सांगे तू झोपेल शे. मंग तुले उठाडं कोणी?”

भूपेंद्रचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि मग ते तुटलं. तो असा रडला की म्हैस दोर ओढायला लागली. मी भिंतीकडे वळलो, कारण मला पण आता ते शिरलं होतं डोक्यात. दिनेशने मला मागच्या पोळ्याला स्वतःची गाडी चालवायला दिली होती. क्लच जपून, एवढंच म्हणाला होता.

फुईने त्याला पुरेसं रडू दिलं. मग म्हणाली, “झाया जन्म.” आणि काठी बाजूला केली, आणि आबा आत आले.

त्यांनी त्याच्या दोन्ही कानांना हात लावला, मग खांद्यांना, मग मानेला, बैल बाजारात घेताना बघतात तसं सगळीकडे चाचपून बघितलं. मग एक थापड दिली, हळू. मला दिली होती त्यापेक्षा खूप हळू, ते मी लक्षात ठेवलंय.

नाव ठेवायचं काम आमच्यात फुईचं. शेजारच्या घरातली झोळी आणली आणि त्याला नुसतं टेकून बसायला लावलं, झोपला असता तर आढं खाली आलं असतं. भूपेंद्र नाक पुसत म्हणाला, “दिनेश ठेवा.”

“नही,” फुई म्हणाली. “ते नाव त्यान्ही माय आते हाका मारी मारी रडी ऱ्हायनी व्हई. ते आपुन नही लेवानं.” मग त्याच्या कानाजवळ वाकून म्हणाली, “भूपेंद्र. तेच ऱ्हाऊ दे. आधारकार्डना तरास नको.”

एवढ्या गडबडीत रुपाने चूल न पेटलेल्या घरातून साखर आणि मीठ शोधून काढलं होतं आणि मायसमोर पेला धरला होता. माय ते सगळं पाणी प्यायली. पेला रिकामा झाल्यावर तिने वर बघितलं.

“तू कोणी व, माय?”

“मी रुपा. वर दवाखान्यात असते.”

आता मात्र गोठ्यात नुसता म्हशीचा श्वास ऐकू येत होता. आबांनी रुपाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी गाडीची चावी खिशात टाकली, पळायची तयारी म्हणून. भूपेंद्र झोळीतून उठायला गेला आणि झोळीत पाय अडकून परत बसला.

“मी विमानात नव्हतो कारण मी यांच्या घरी होतो,” तो म्हणाला. शाळेत बोलतात तशा भाषेत बोलला, घाबरला की तो असंच बोलतो. “आबा, मी खोटं बोललो तुमच्याशी. पण रविवारचं मला जमणार नाही.”

रूपचंद आबांनी कानातला कापूस काढला. “भाईदास भाऊ, रविवारनं काय मंग?”

आबांनी खाली बघितलं. तेव्हा त्यांना चपला दिसल्या असतील, कारण त्यांनी एक पाय मागे घेतला. विहिरीतली बादली, मी मनात म्हटलं, आता गेलं सगळं.

“रूपचंद भाऊ,” आबा म्हणाले, “तुमले शब्द दिधा व्हता तो त्या भूपेंद्रना. त्यान्ही ते आंघोळ हुई गयी. मी करी, तुम्ही बी करी.” आणि झोळीकडे बोट दाखवलं. “हाऊ दुसरा शे.”

रूपचंद आबांनी झोळीतल्या भूपेंद्रला वरपासून खालपर्यंत बघितलं. मला वाटलं आता भांडण. मी तयार होतो, दोन शब्द मी पण बोललो असतो. पण ते आबांच्या जवळ सरकले.

“खरं सांगू? सकायमा खबर उनी तवय मन्ही यामिनी रडनी नही. नुसती बसनी, बोझा उतरा तशी. मी तवयच दखं.” मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “आज जन्मेल पोऱ्याले मी मन्ही यामिनी देवाव नही. त्याले मिशा येवापावत कोण थांबी?”

पहिली फुई हसली, आवाजाशिवाय. मग सगळे.

आबा रुपाकडे वळले. “तुन्हा बाप काय म्हणस?”

“म्हणाले, मेलेल्या माणसाला पोरगी देत नाही,” रुपा म्हणाली. “जिवंत होऊन बापाला घेऊन ये म्हणाले.”

आबांनी मान हलवली, जशी ते बाजारात मिरचीचा भाव ऐकून हलवतात, हो पण नाही आणि नाही पण नाही. “बराबर बोलना,” ते म्हणाले.

बस, एवढंच. आमच्या घरात याच्या पुढे कोणी विचारत नाही. मायने चूल पेटवली. रात्री रुपा तिच्याजवळ झोपली.

आज पहाटे भूपेंद्र आणि माय नंदुरबारला गेले, दिनेशच्या घरी. दिनेशला अजून आणलेलं नाही, ओळख पटवायला वेळ लागतो म्हणे. जाताना माय भूपेंद्रला म्हणाली, त्याच्या मायला मी सांगेन, तुझा पोरगा शेवटी माझ्याशी बोलला, आणि खूप चांगलं बोलला. मी दोघांना फाट्यापर्यंत सोडून आलो, आणि आल्यावर बघतो तर आबा अंगणात धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून उभे. दोन्ही चपला त्यांच्याच, मी बघून घेतलं. हातात गुळाची भेली, फडक्यात बांधलेली. कुठे म्हणून विचारलं तर म्हणाले, वर. रुपा वाट दाखवेल म्हणाले. मी म्हटलं वाट मला माहीत आहे. म्हणाले, ते मले माहीत शे तुले माहीत शे, म्हणूनच तुले मारं.

आता ते गाडीवर मागच्या बाजूला जाऊन बसलेत, आणि पुढे वाकून हॉर्न दाबतायत. आबा, ज्यांनी उभ्या जन्मात कधी हॉर्न दाबला नाही. रुपा हसतेय. परत दाबला. गोवालबाबा कोंबडी कापतील का नुसतंच हूं म्हणतील ते काही आता सांगता येत नाही, मला निघायला लागेल.